सुतळीची टोकं टाकून देऊ नकोस

तळवली, नवी मुंबई
१२ ऑक्टोबर

चि. भाच्यास,


काल रात्री फोनवर तुला दोनच गोष्टी सांगितल्या. गठ्ठे बांधणारा बेलर सुरू करू नकोस, आणि तुटलेल्या सुतळीची टोकं टाकून देऊ नकोस. पहिलीचा तुला राग आला, दुसरीचं हसू आलं. हळवं भात कापून पडलंय, पेंढा वाळलाय, तबेलेवाल्याचे दिवसातून दोन-दोन फोन येतायत आणि मामा म्हणतोय सुतळीचे तुकडे जपून ठेव! तुझी आई उद्या पहाटेच्या गाडीने वाड्याला परत निघतेय. तिच्या पिशवीत हे पत्र आणि एक पुडी देतोय. आधी पत्र वाच, मग पुडी सोड. आणि वाचून झालं की हा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेलरच्या टूलबॉक्समध्ये ठेव.

तू पाठवलेले पाच फोटो मी चष्मा पुसून पुसून पाहिले. चार फोटो यंत्राचे आहेत. चेन, गिअर, क्लच, पुन्हा चेन. पाचवा बहुधा चुकून निघालाय. जमिनीवर एक गठ्ठा पंख्यासारखा पसरलाय आणि त्याच्यावर सुतळी लोळतेय. बाळा, पाचपैकी तोच एक फोटो कामाचा आहे. तो मोठा करून बघ. गठ्ठ्याच्या डाव्या अंगाची सुतळी शाबूत आहे, गाठीसकट. उजव्या अंगाची तुटलीय, आणि तुटलीय तीही गाठीच्या अगदी मुळाशी. टोकं कापल्यासारखी नाहीत, जुन्या केरसुणीसारखी पिंजारलेली आहेत. गाठ मारणाऱ्या उजव्या हुकाचं तोंड फोटोच्या कोपऱ्यात जेमतेम दिसतंय, पण त्यात गुंता अडकलेला मला दिसला.

आता याचा अर्थ लाव. दोन्ही सुया एकाच जोखडावर बसलेल्या आहेत. गाठ मारणारे दोन्ही नॉटर एकाच दांड्यावर फिरतात. वेळ चुकली असती तर दोघांचीही चुकली असती. डावीकडे गाठ नीट आणि उजवीकडे नाही, तर दोष दोघांच्या सामाईक भागात शोधायचा नसतो. दुसरं, उजवीकडेही गाठ पडली होती. ती हुकावरून सुटली नाही, मागून गठ्ठा पुढे ढकलला गेला आणि सुतळी ताणून फाटली. म्हणजे सुई वेळेवर आली होती, सुतळी वेळेवर पकडली होती, हुक वेळेवर फिरला होता. आणि तू काय केलंस? चेन एक दात पुढे घेतलीस. एका आजाराला तू दुसरा आजार जोडलास. यंत्र सुरू करू नकोस म्हणालो ते म्हणून. त्या एका दातामुळे सुई आणि पेंढा दाबणारा प्लंजर पेटीत समोरासमोर भेटले तर सुई काडीसारखी मोडेल.

गेल्या दिवाळीत मी तुझ्याकडे आलो तेव्हा तीन दिवस त्या यंत्राखाली झोपून काढले, आठवतंय? तुझी मामी म्हणाली होती, पाडव्याला माणसं ओवाळून घेतात, हे गोणपाटावर उताणे पडलेत. उभ्या हयातीत मी रस्त्यापलीकडच्या एमआयडीसीत मशिनी दुरुस्त केल्या. पोती शिवायच्या मशीनपासून पंपापर्यंत सगळं हातांखालून गेलं, पण पेंढ्याला गाठ मारणारं यंत्र प्रथमच पाहिलं. पंजाबातून आलेलं, तुझ्याहून वयाने मोठं. सोबत पुस्तकाची झेरॉक्स आणि समासात कुणा मिस्त्रीने गुरुमुखीत लिहिलेल्या टिपा. अक्षर वाचता आलं नाही, पण त्याने जिथे जिथे बाण काढले होते तिथे तिथे मी बघत गेलो. त्या तीन दिवसांत जे कळलं ते सांगतो.

तुझ्या आजोबांनी आयुष्यभर भारे बांधले. तुझं हे आजोळ तेव्हा भातशेतीचं गाव होतं. खाडीकडच्या बाजूला, आज जिथे घणसोलीचे सेक्टर उभे आहेत, तिथे आपली खाचरं होती. १९७० साली सिडको आली आणि पुढे शेतं गेली. पण त्याआधीचं खळं मला अजून आठवतं. बाबा झोडून झालेल्या पेंढ्यातलाच एक मूठभर हातात घेत, त्याला पीळ देत, भाऱ्याखालून सरकवत, गुडघा दाबत आणि दोन्ही टोकं एकमेकांत पिळून खाली खुपसत. झाला बंध. त्यात गाठ नसायचीच. पेंढा पेंढ्याला धरून राहतो, खरखरीत असतो, पीळ सुटत नाही. सुतळीचं तसं नाही. ती गुळगुळीत, आणि आत दाबून बसवलेला पेंढा सतत बाहेर यायला बघतो. तिथे गाठच लागते. बाबांचा गुडघा म्हणजे तुझा प्लंजर, आणि बाबांची बोटं म्हणजे तुझा नॉटर. दाब गेला की बंध बसत नाही आणि बंध बसण्याआधी गुडघा उचलला की भारा सुटतो. टायमिंग म्हणजे एवढंच. गुडघा आणि बोटं यांचा मेळ.

आता हा मेळ एकदा डोळ्यांनी बघ. ट्रॅक्टर बंद. किल्ली खिशात. ट्रॅक्टरवरून बेलर फिरवणारा पीटीओचा दांडा सोडवलेला. पेटी रिकामी. मग गाठीचा फेरा सुरू करणारा ट्रिपचा दांडा हाताने उचल आणि फ्लायव्हील हाताने, चालण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरव. सोबत एक माणूस ठेव, पण फ्लायव्हीलला हात एकाचाच आणि हुकूमही एकाचाच. चालत्या यंत्रात प्लंजर मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके मारतो आणि गाठ सेकंदभरात पडून जाते, त्यामुळे नजरेला काही सापडत नाही. हाताने फिरवलंस की तेच नाटक पाच मिनिटांचं होतं.

आधी प्लंजर पेंढा दाबत मागे जातो. तो दाबून उभा असतानाच खालून दोन वाकड्या सुया वर येतात, प्लंजरच्या तोंडाला ज्या उभ्या खाचा आहेत त्यांतून. प्लंजरने पेंढा अडवून धरलेला असतो म्हणून सुईला मोकळी वाट मिळते. सुई सुतळी घेऊन वर नॉटरवर येते आणि चकतीच्या खाचेत ती सुतळी ठेवते. चकतीत आधीच एक टोक धरून ठेवलेलं असतं, मागच्या गाठीच्या वेळचं. आता दोन पदर झाले. एक लोखंडी बोट ते दोन्ही पदर हुकावर सारून देतं. मिस्त्री त्याला बिलहुक म्हणतात, मला ती बगळ्याची चोच वाटते. चोच स्वतःभोवती एक पुरी गिरकी घेते, दोन्ही पदर तिच्या मानेभोवती गुंडाळले जातात, गिरकीच्या शेवटाकडे ती तोंड उघडते, पदर तोंडात धरते आणि मिटते. पातं चकती आणि चोच यांच्या मधोमध सुतळी कापतं. पात्याचाच दांडा पुढे येऊन चोचीच्या पाठीवरून घासत जातो आणि मानेभोवतीचा वेढा तोंडात धरलेल्या टोकांवरून उतरवतो. झाली गाठ. सुई खाली जाते, जाताना पुढच्या गठ्ठ्याचं टोक चकतीच्या ताब्यात देऊन जाते.

हे किमान तीनदा बघ. तिसऱ्यांदा तुझ्या लक्षात येईल की नॉटरमध्ये कोणतीच गोष्ट एकटी बरोबर किंवा चूक नसते. सुई कुठे आहे हे प्लंजर कुठे आहे यावरून ठरतं. चकतीची खाच कुठे असायला हवी हे सुईच्या वाटेवरून ठरतं. म्हणून एक स्क्रू फिरवलास की बाकीच्यांची नाती बदलतात.

तर पहिलं काम. चेन परत घे. दिवाळीत मी मोठ्या गिअरच्या दातावर, चेनच्या कडीवर आणि क्लचच्या चकतीवर तुझ्या मामीच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले होते. तू तेव्हा हसला होतास. ग्रीस पुसून काढ, ठिपके खाली सापडतील. ठिपक्यासमोर ठिपका आण. मग पुन्हा हाताने फेरा दे आणि सुईचं टोक पेटीच्या तळाशी आल्यावर प्लंजरचं तोंड तिच्या किती पुढे गेलंय ते पट्टीने मोज. ते अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. तुझ्या यंत्राचं झेरॉक्समध्ये आहे, मी पेन्सिलने गोल केलाय. अंदाजाने ठरवू नकोस. सुई वर येताना चौकटीला कुठे ठोकत नाही ना, हेही त्याच फेऱ्यात बघून घे. मोजमाप जुळलं की त्या चेनला पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.

दुसरं काम, खरा आजार. तुझ्या शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. त्याखालच्या जमिनीवर गेल्या वर्षीच मी ओलीचा डाग पाहिला होता. बेलर उभा असतो तेव्हा तो डाग बरोबर उजव्या नॉटरखाली येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाड्याचा पाऊस ठिबकत राहिला असेल. उजव्या चोचीवर बोट फिरव. डावीसारखी काचेसारखी लागते का बघ. माझी पैज आहे, खरखरीत लागेल. गंजलेल्या चोचीवरून गाठ सरकत नाही, एवढं साधं आहे ते. झिरो नंबर पॉलिश पेपर घे, चोचीच्या लांबीच्या दिशेने घास, आडवा घासू नकोस, कारण आडवे ओरखडे पुन्हा सुतळी अडवतात. चोचीची जीभ उघडून आतही घास. मग रॉकेलच्या फडक्याने पूस. आणि नोव्हेंबरअखेर काम संपलं की दोन्ही चोचींना, चकत्यांना आणि पात्यांना ग्रीसचा जाड लेप देऊन वर पिशवी बांध. आणि त्याआधी पत्र्याचं भोक बुजव. ते यंत्राच्याही आधी.

तेवढ्याने सुटलं नाही तर पात्याचा दांडा बघ. तो चोचीच्या पाठीला घासून जायला हवा. मधे फट असेल तर गाठ उतरत नाही. दांडा किंचित वाकवून ती फट घालवतात, पण तो घाव घालून वाकवायचा नाही, लांब पाइप अडकवून सावकाश. जमत नसेल तर मला बोलाव.

आता पुढच्यासाठी. गाठ बिघडली की सुतळीची टोकं उचलायची आणि उन्हात धरून वाचायची. डॉक्टर नाडी बघतो तसं.

गाठ आहे, पण ती एकाच पदराला, वरून येणाऱ्या पदराला. सुईकडच्या पदराला गाठीचा पत्ताच नाही. म्हणजे सुईने आणलेली सुतळी हुकापर्यंत पोचली नाही. सुई वाकली असेल, सारणारं बोट झिजलं असेल किंवा सुतळी ढिली येत असेल. सुतळीच्या पेटीपासून सुईपर्यंतचे सगळे डोळे तपास, ताण देणारी स्प्रिंग तपास.

गाठ सुईकडच्या पदराला आहे आणि वरचा पदर कोरा. म्हणजे चकतीने धरून ठेवलेलं टोक वेळेआधी सुटलं. त्या टोकाचा चेहरा बघ. स्वच्छ कापलेलं असेल तर ते चकतीच्या चिमट्यातून निसटलं, चिमट्याची स्प्रिंग ढिली आहे. चघळल्यासारखं असेल तर चिमटा जास्त आवळलाय, त्यानेच सुतळी तोडली. दोन्हींत गठ्ठा सारखाच फुटतो, पण उपाय नेमके उलटे. टोक न बघता स्प्रिंग आवळणारा माणूस निम्म्या वेळा आजार वाढवतो.

दोन्ही टोकांना गाठ नाही, पण दोन्ही वळलेली, चुरगळलेली. गिरकी झाली, पण चोचीच्या तोंडाने पदर धरले नाहीत. जिभेची स्प्रिंग ढिली किंवा तोंड झिजलंय.

टोकं दोरे निघाल्यासारखी, लांब-आखूड. पातं बोथट. भाताच्या पेंढ्यात वाळूचाच अंश असतो, सिलिका म्हणतात. ती लोखंड झिजवते. गव्हाच्या काडावर जे पातं महिनोन्महिने टिकेल ते पेंढ्यावर लवकर जातं. पंजाबी पुस्तकावर भरवसा ठेवून थांबू नकोस, आठवड्याला नख लावून धार बघ.

आणि दोन्ही बाजू एकदम बिघडल्या, तर मात्र सामाईक गोष्टींकडे वळ. सुईचं जोखड, क्लच, ब्रेक, चेन. एकाच बाजूला असेल तर तिथेच राहा.

एका वेळी एकच बदल. बदल करण्याआधी स्क्रूवर खूण, वहीत ओळ, किती आटे कुठल्या दिशेला. पाच गठ्ठे बांधून बघ. फरक पडला नाही तर पहिला स्क्रू जागेवर आणून मगच दुसऱ्याला हात लाव. कंपनीत मला एका म्हाताऱ्या फिटरने हे शिकवलं होतं. तो म्हणायचा, चार स्क्रू एकदम फिरवून मशीन सुधारलं तर तू काहीच शिकला नाहीस, आणि बिघडलं तर परत येण्याची वाटही बुजवलीस.

सुतळीबद्दल थोडं. तू कुठून तरी स्वस्त तागाची सुतळी आणलीस, असं तुझी आई सांगत होती. पोत्याला चालते ती बेलरला चालेलच असं नाही. कुठे जाड, कुठे बारीक असते. चिमटा जाड जागेला जुळवला तर बारीक जागेला निसटतो. बेलरचीच सुतळी घे, एकाच मापाची, आणि दोन्ही बाजूंना सारखी. सिसलवरून प्लास्टिकवर गेलास की चिमटा आणि जीभ पुन्हा जुळवावी लागतात, कारण प्लास्टिक बारीक आणि निसरडं. गोळा आतल्या टोकाने उसवायचा. एका गोळ्याचं बाहेरचं टोक दुसऱ्याच्या आतल्या टोकाला चौकोनी गाठीने जोड आणि शेंड्या आखूड काप, म्हणजे ती गाठ सुईच्या डोळ्यातून जाते. नवी सुतळी ओवलीस की टोक चौकटीला बांधून एक फेरा हाताने दे. चकतीने टोक पकडलं की मग ट्रॅक्टर.

पेंढ्याकडेही बघ. दव उडाल्याशिवाय सुरुवात नको. ओला पेंढा दाबून बांधला की आत तापतो, काळा पडतो, आणि तबेलेवाला पहिला गठ्ठा फोडून नाक लावल्यावर दुसरा घेत नाही. गठ्ठ्याचा दाबही हावरेपणाने वाढवू नकोस. दाब जितका जास्त तितकी ताजी गाठ जास्त ताणली जाते. थोडे गठ्ठे जास्त होतील, पण सगळे शाबूत होतील.

तीन गोष्टी करू नयेत, त्या सांगतो. दिवाळीत तू मोठ्या प्रेमाने नॉटरच्या ब्रेकलाही ग्रीस लावलं होतंस. अरे, ब्रेक कोरडाच हवा. फेरा संपल्यावर नॉटर ठरलेल्या जागी थबकायला पाहिजे. तो घसरून पुढे गेला तर सुया पूर्ण खाली बसत नाहीत आणि पुढचा ठोका त्यांच्यावर पडतो. प्लंजरला अडवणारी एक खुंटी त्यासाठीच दिलेली आहे, पण तिच्यावर रोज भार टाकू नकोस.

दुसरं, शिअर बोल्ट. तो मोडला की तू चिडतोस. पण मोडण्यासाठीच तो जन्माला आलाय. त्याच्या जागी कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातलास, तर पुढच्या वेळी साध्या बोल्टऐवजी सुई मोडेल किंवा गिअर. पुस्तकात लिहिलेल्या मापाचे आणि ग्रेडचे दहा बोल्ट डब्यात ठेव. आणि एकाच दिवशी दोन मोडले तर तिसरा घालण्याआधी का मोडतायत ते शोध.

तिसरं, हात. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर नाही, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. तू मला विचारायचास, मामा, उंदराने खाल्लं का? एका कारखान्यात मशीन 'बंद' होतं. मोटर बंद होती, चाक थांबलं नव्हतं. शेवटचा अर्धा फेरा त्याने माझ्या बोटावर घेतला. तुझं फ्लायव्हील जड आहे, पीटीओ काढल्यावरही फिरत राहतं. ते थांबलेलं डोळ्यांनी बघ, मनात दहा मोज, मग झाकण उघड. नॉटरमध्ये अडकलेला पेंढा चालू यंत्रात काठीनेही काढायचा नाही. काठी ओढली जाते आणि तिच्यामागून हात.

आता जे फोनवर बोलायचं टाळलं ते. तू म्हणालास, फुटलेल्या गठ्ठ्यांचे पैसे माणसांच्या मजुरीतून कापतोय, ते पेंढा नीट ओळीत टाकत नाहीत म्हणून गठ्ठे फुटतात. आणि वर म्हणालास, दहा तारखेला दोघं सुट्टी घेऊन तळवाड्याला गेले, ऐन कामात. ते कशाला गेले हे तू विचारलं नसशील. मी सांगतो. तुझ्या शेतापासून तळवाडा फार लांब नाही. १९४५ साली तिथल्या जंगलपट्टीतलं गवत मुंबईला जायचं, आणि ते कापायचे वारली आदिवासी. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी त्यांची मागणी होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचे म्हणून त्यांच्याबरोबर उभे होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तळवाड्यात जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. त्यांच्याच आठवणीसाठी तुझी माणसं तिथे गेली होती. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा लढा लिहून ठेवलाय. आपल्या घरात ते पुस्तक आहे, पुढच्या वेळी घेऊन जा. तू जो धंदा करतोस, गवत-पेंढा बांधून शहराकडे पाठवायचा, त्याच धंद्यातल्या वजनकाट्यावर माणसं मेली आहेत.

आता पुन्हा पाचव्या फोटोकडे ये. गठ्ठा फुटला कुणामुळे? ओळ वाकडी होती म्हणून? ओळ वाकडी असती तर गठ्ठा वाकडा झाला असता, केळ्यासारखा, एका अंगाला घट्ट आणि एका अंगाला पोकळ. गाठ हुकावर फाटली नसती. ती फाटली तुझ्या पत्र्याच्या भोकामुळे. ते भोक चार महिने बुजवलं नाहीस तू, आणि पैसे कापतोस त्यांचे. गाठ तुटली म्हणजे टायमिंगचाच दोष आहे असं तुला वाटलं, म्हणून तू चेन फिरवलीस. जिथे माणूस उभा होता तिथेच दोष आहे असं वाटलं, म्हणून मजुरी कापलीस. दोन्ही वेळा टोक न बघता स्क्रू आवळलास. चेन परत जागेवर आणशील तसे ते पैसेही परत दे. आणि सगळ्यांसमोर दे.

आता पुन्हा सुतळीच्या तुकड्यांकडे. हा नॉटर ज्याने जगाला दिला त्या जॉन ॲपलबीची गोष्ट त्यांच्यासाठीच सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहणारा माणूस. विशीच्या आतच त्याच्या डोक्यात गाठ मारणारं यंत्र घोळू लागलं होतं. ते कामाचं ठरेपर्यंत १८७८ उजाडलं. मधल्या काळात धान्याच्या पेंढ्या तारेने बांधणारी यंत्रं निघाली होती. तारेला गाठ लागत नाही, नुसता पीळ पुरतो, तुझ्या आजोबांच्या बंधासारखा. काम सोपं. पण तारेचे तुकडे धान्यात आणि जनावरांच्या पोटात जाऊ लागले, आणि शेतकऱ्यांनी त्या यंत्रांकडे पाठ फिरवली. मग सुतळी आली, आणि सुतळीसाठी ही बगळ्याची चोच. ती आधी कापणीच्या यंत्रांवर होती. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस एडविन नोल्ट नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याने शेतात फिरत आपोआप गठ्ठे बांधणारं यंत्र जुळवलं. म्हणजे तू जिला शिव्या घालतोस ती सगळी कटकट मुळात जनावरांच्या पोटासाठी सोसलेली आहे. तेव्हा प्लास्टिक सुतळीचे तुकडे शेतात पडू देऊ नकोस. संध्याकाळी एक गोणी घेऊन सगळे वेच. त्यातली गाठीजवळची टोकं वहीत चिकटव, तारीख घाल, खाली काय केलंस ते लिही. बाकीची भंगारात.

अशी दहा पानं भरली की तुला माझी गरज उरणार नाही. मला त्याचा आनंदच होईल, फोन मात्र करत जा.

पुडीत झिरो नंबरच्या पॉलिश पेपरचे चार तुकडे आहेत, पत्र्याच्या भोकासाठी एम-सीलची कांडी आहे, आणि मामीने तिच्या कपाटातली नेलपॉलिशची नवी बाटली दिलीय. लालच आहे. ती म्हणाली, भाच्याला सांगा, ठिपके पुन्हा लाव, पण या वेळी हसायचं नाही.

ताईला गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली की नाही ते कळव. पहिले पाच गठ्ठे बांधून झाले की फोटो पाठव. यंत्राचा नको. गाठीचा.

तुझा,
मामा